मीटर कोणाचं, बटन कोणाच्या हातात?



मागच्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगते, मग मुद्द्यावर येते.

सिंदी (रेल्वे)ला आमच्या वस्तीत जुनी मीटरं काढून नवी बसवण्याचं काम सुरू झालं होतं. ठेकेदाराची दोन पोरं यायची. शिडी लावायची, जुनं मीटर काढायचं, नवं बसवायचं, मोबाईलवर फोटो काढायचा आणि पुढच्या घरी. एका घराला पंधरा मिनिटं. बाया शेतावर, माणसं बुटीबोरीला कामावर, घरी म्हातारी माणसं आणि लेकरं. संध्याकाळी घरी आल्यावर लोकांना कळायचं की आपल्या भिंतीवरचं मीटर बदललं. महिन्या-दीड महिन्यानं आमच्या शेजारच्या काकूंचं बिल आलं ते आधीच्यापेक्षा जवळपास दुप्पट. काकू बिल घेऊन थेट माझ्या दारात. म्हणाल्या, "पाय वं बाई, दोन बल्ब, एक पंखा अन् हे जुनाट फ्रिज. एवढं कोनतं मी कारखानं चालवून रायली?"

मी बिल पाहिलं, संताप आला, आणि मोबाईलवर भराभर टाईप केलं. नवं मीटर पळतंय, गरिबांची लूट सुरू आहे, आपल्या वस्त्यांना मुद्दाम लक्ष्य केलं जातंय. काकूंच्या बिलाचा फोटो जोडला. तो मेसेज वर्ध्यापासून नागपूरपर्यंतच्या ग्रुपवर फिरला. परक्या लोकांकडून तोच मला परत आला, खाली दोन-चार ओळी वाढलेल्या. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या बाईनं एकाही गोष्टीची खातरजमा न करता हे केलं.

चार दिवसांनी वस्तीतलाच एक पोरगा भेटला. आयटीआयमधून वायरमन ट्रेड केलेला, बुटीबोरीच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. तो म्हणाला, "ताई, तुमी मेसेज टाकला, पण काकूच्या घरातली वायर पाह्यली का? मीटर पळत नाही जी. न्यूट्रल मिसळलाय."

मला कळलं नाही. त्यानं काकूंच्या ओट्यावर बसून खडूनं आकृती काढून समजावलं. काकूंचं आणि त्यांच्या दिराचं घर आधी एकच होतं. वाटणी झाली, मधे भिंत आली, दुसरं मीटर आलं. पण भिंतीच्या वर छपराखालून गेलेली वायर जुनीच राहिली. दोन्ही घरांची फेजची वायर वेगळी झाली, परतीची वायर, म्हणजे न्यूट्रल, एकमेकांत गुंतलेलीच. जुनं चकतीवालं मीटर फक्त फेजमधून जाणारा करंट मोजायचं, त्यामुळे हा गुंता कोणाला दिसला नाही. आताची इलेक्ट्रॉनिक मीटरं चोरी पकडता यावी म्हणून फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडचा करंट पाहतात आणि त्यातला जो जास्त असेल त्यावर युनिट लावतात. दिराच्या घरचा कूलर सुरू झाला की त्याचा परतीचा करंट अर्धामुर्धा काकूंच्या न्यूट्रलमधून यायचा आणि काकूंचं मीटर तो काकूंच्या नावावर चढवायचं. दिराचं मीटर मात्र त्याच्या फेजप्रमाणे पूर्ण मोजायचं. दोन्ही घरांच्या युनिटांची बेरीज खऱ्या वापरापेक्षा जास्त. यंत्रात बिघाड नाही, वाचणाऱ्यानं खोटं वाचलेलं नाही, तरी काकूंना न वापरलेल्या विजेचे पैसे लागले.

शिवाय काकूंचं जुनं बिल 90-95 युनिटांचं असायचं. आपल्याकडे 100 युनिटांपर्यंतचा दर वेगळा आणि 101पासूनच्या युनिटांचा दर जवळपास दुप्पट. त्यामुळे 30-40 युनिट वाढले तरी ते सगळे महाग टप्प्यात पडतात. बिल का भडकलं याचा निम्मा उलगडा तिथेच झाला.

मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. मीटर पळत नव्हतं, वायरिंगची भानगड होती, माझी चूक झाली, असं स्पष्ट लिहिलं. ती दुरुस्ती मला कुठूनही फिरून परत आलेली नाही.

आता मुद्दा. काही मित्रांना वाटलं की मी माघार घेतली, म्हणजे मीटरवाल्यांच्या बाजूची झाले. आमच्यातले नोकरदार भाऊ म्हणाले, "बघा, तंत्रज्ञान बरोबरच असतं, आपले लोक उगाच बोंबलतात." दोघांचंही मला पटत नाही. मीटर बरोबर मोजत होतं हे खरं, आणि काकूंचा अविश्वास रास्त होता हेही तितकंच खरं. कारण न्यूट्रल मिसळल्यावर नवं मीटर असं वागतं हे मीटर बसवणाऱ्यांना ठाऊक असतं. वायरमन ट्रेडच्या पोराला ठाऊक असतं. काकूंना कोणी सांगितलं? मीटर बदलण्याआधी घरातली वायर एकदा तपासून पाहण्याची पंधरा मिनिटं कोणी काढली? नियम असा की मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची आणि मीटरनंतरची ग्राहकाची. मोठ्या बंगल्याच्या मालकाकडे इलेक्ट्रिशियन असतो. घरकुलात राहणाऱ्या, वाटणीच्या भिंतीआड जुन्याच वायरवर जगणाऱ्या बाईकडे कोण असतं?

थोडा मागचा इतिहास. केंद्र सरकारनं 2021 साली वीज वितरणाच्या सुधारणेची योजना आणली, तिचं लक्ष्य देशभरात 25 कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवण्याचं. महाराष्ट्रात महावितरणनं 2023मध्ये खासगी कंपन्यांना कामं दिली, सव्वादोन कोटीच्या आसपास मीटरं. एका मीटरमागे साधारण 12 हजार रुपयांचा हिशोब. लोक रस्त्यावर आले, ग्राहक संघटना आणि वीज कामगारांच्या संघटनांनी विरोध केला, विदर्भात तर जोरदार. जून 2024मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं की सर्वसामान्य घरगुती ग्राहकांकडे प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत. त्यानंतर जे मीटर आले ते पोस्टपेड आहेत, महिन्याच्या शेवटी बिल येतं. पण त्यांचं नाव बदललं, आता त्यांना टीओडी मीटर म्हणतात. वस्तीत कोणालाही विचारा, तो म्हणेल, "ते स्मार्ट मीटर नाही म्हणले होते, आता नाव बदलून लावून रायले." मीटर पोस्टपेड आहे हा फरक महत्त्वाचा आहे आणि मी तो लोकांना समजावते. पण ज्या माणसाला न विचारता त्याच्या भिंतीवरची वस्तू बदलली, तिचं नाव बदललं, तो तुमच्या खुलाशावर का विश्वास ठेवेल?

इथे आपल्यातल्या एका जुन्या वादाकडे वळावं लागतं. आम्ही वर्धा जिल्ह्यातले. सेवाग्राम आमच्यापासून काही लांब नाही. यंत्र वाईट, चरखा चांगला, गावाकडे चला, हे ऐकत आमच्या जिल्ह्यातल्या पिढ्या मोठ्या झाल्या. बाबासाहेबांनी 1945च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स'मध्ये या विचाराची झाडाझडती घेतली. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: माणसाला जनावरासारखं राबण्यातून सोडवणारं, त्याला फुरसत आणि संस्कृती मिळवून देणारं जे काही आहे ते यंत्रच आहे. यंत्रामुळे अन्याय होत असेल तर दोष यंत्राचा नाही, ज्या समाजरचनेत नफा काही जणांच्या हाती जातो त्या रचनेचा आहे. म्हणून स्मार्ट मीटर दिसलं की दगड उचला, ही भूमिका आंबेडकरवादी म्हणवणाऱ्याला घेता येत नाही.

आणि वीज हा तर बाबासाहेबांचा थेट विषय. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज व पाटबंधारे त्यांच्याच खात्यात येत. 25 ऑक्टोबर 1943ला विजेच्या धोरण समितीपुढे त्यांनी केलेलं भाषण 'राइटिंग्ज अँड स्पीचेस'च्या दहाव्या खंडात आहे, वाचलं नसेल तर जरूर वाचा. वीज सरकारनं निर्माण करायची की खासगी भांडवलानं, ती स्वस्त कशी होईल आणि भरपूर कशी होईल, हे प्रश्न त्यांनी तिथे मांडले, आणि वीज कशासाठी हवी याचं उत्तर उद्योगीकरण व गरिबीतून सुटका असं दिलं. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी याच काळातली. सुखदेव थोरात यांनी या कामावर अख्खं पुस्तक लिहिलंय. आपण 14 एप्रिलला घटनाकार बाबासाहेबांची मिरवणूक काढतो, वीजवाले बाबासाहेब मात्र आपल्या भाषणांत क्वचितच येतात. त्यांनी विचारलेला प्रश्न आज आपण विचारला पाहिजे: हे यंत्र कोणाच्या मालकीचं आणि त्याचा फायदा कोणाच्या पदरात?

फायद्याचा हिशोब मांडून पाहू. 1 जुलै 2025पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत वापरलेल्या विजेवर युनिटमागे 80 पैसे सूट सुरू झाली. कारण उघड आहे, दिवसा सौरऊर्जा मुबलक असते, ती तेव्हाच वापरली गेली तर बरं. कल्पना चांगलीच आहे. आता काकूंचा दिवस पाहा. सकाळी साडेआठला त्या कापूस वेचायला किंवा निंदायला निघतात, दिवेलागणीला परततात. 9 ते 5 त्यांच्या घरात फ्रिज सोडून काहीच सुरू नसतं. महिन्याला दिवसाचे 15 युनिट धरले तर त्या दरानं सूट 12 रुपये. ज्यांच्या घरी दिवसभर माणसं असतात, एसी, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर चालते, त्यांचे दिवसाचे 200 युनिट धरले तर सूट 160 रुपये. जो जास्त वापरतो त्याला जास्त सूट, हा गणिताचा नियम झाला. पण दिवसा घरात बसून वीज वापरणं ज्याला परवडतं त्यालाच सूट मिळते, हा समाजाचा नियम झाला. दर ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दिवसा उन्हात राबणारं घर नव्हतं. द्वेषानं नसेल नव्हतं, पण नव्हतं.

पुढे काय येणार आहे तेही दिसतंय. मोठ्या शहरांत आता अशी घरं होत आहेत जिथे गिझर, एसी, गाडीचं चार्जिंग हे सगळं यंत्रच ठरवतं. वीज महाग असेल तेव्हा बंद, स्वस्त असेल तेव्हा सुरू. माणसानं हात लावायची गरज नाही. मी हे काकूंना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "अवं, मी काय करतो मंग?" खरंच आहे. रात्री फ्रिज बंद करणं, लेकरं अभ्यासाला एका खोलीत बसवून दुसरीतला दिवा घालवणं, टीव्ही नुसता रिमोटनं नाही तर बोर्डावरून बंद करणं, महिन्याच्या 25 तारखेनंतर मीटरचा आकडा पाहून पंखा कमी करणं. विजेचं व्यवस्थापन आमच्या बाया पिढ्यान् पिढ्या हातानं करत आल्यात. आमच्या घरची पहिली जोडणी 'कुटीर ज्योती' योजनेतली, एका बल्बाची. त्या एका बल्बाखाली स्वयंपाक आधी की माझा अभ्यास आधी, हे आई रोज ठरवायची. हे ज्ञान कोणत्याही ॲपमध्ये नाही, आणि ॲप बनवणाऱ्यांनी कधी येऊन विचारलेलंही नाही.

ॲपवरून आठवलं. नव्या मीटरचा मोठा गुण म्हणून सांगतात की रोजचा, तासातासाचा वापर मोबाईलवर दिसतो. ज्याच्याकडे दिसतो त्याला तो उपयोगीच आहे. मी माझ्या घरचा पाहते आणि इस्त्री किती खाते ते मला तिथेच कळलं. पण काकूंच्या घरी मोबाईल एकच, तो मुलाचा, आणि मुलगा सकाळच्या गाडीनं बुटीबोरीला जातो. मीटर काकूंच्या यजमानांच्या नावावर, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मीटरशी जोडलेला नंबर कोणाचा म्हणून शोधलं तर पुतण्याचा निघाला, कधीतरी बिल भरायला तोच गेला होता. म्हणजे काकूंच्या घरातली प्रत्येक तासाची हालचाल नोंदणारं यंत्र मेलेल्या माणसाच्या नावावर, त्याचे मेसेज भांडण झालेल्या पुतण्याच्या फोनवर, आणि पैसे भरणार काकू. आमच्या वस्तीत हे एकच घर असं नाही. बाईच्या नावावर मीटर नसणं ही तिच्या नावावर घर नसण्याचीच पुढची पायरी आहे. विश्वासाची चर्चा करणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी.

तासातासाची ती नोंद काय काय सांगते याचाही विचार करा. घरात माणसं कधी उठतात, कधी घर रिकामं असतं, कोण रात्रपाळीला जातो, हे सगळं त्या आकड्यांत असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण आमच्या दारात आलेल्या त्या दोन पोरांनी कोणाला संमती विचारली होती? संमती जाऊ द्या, काय बसवतोय ते तरी?

याहून मोठी धास्ती बटनाची आहे. जुन्या मीटरची जोडणी तोडायला लाईनमन यावा लागायचा. तो ओळखीचा असायचा. बाळंतीण घरात आहे, उद्या मजुरी मिळणार आहे, लेकराची परीक्षा आहे, हे त्याला दिसायचं. तो कधी दोन दिवस थांबायचा, कधी थांबायचा नाही, पण त्याच्याशी बोलता यायचं. नव्या मीटरमध्ये जोडणी तोडायचं बटन दूरच्या कार्यालयात आहे. कायद्यानं, 2003च्या वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे, थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे कलम प्रत्येक कार्यकर्त्यानं पाठ करून ठेवावं. पण तेच मीटर उद्या दुरूनच प्रीपेड केलं तर? बॅलन्स संपला की अंधार, मग नोटीस कशाची आणि कोणाला? ही कल्पनेतली भीती नाही. ब्रिटनमध्ये हे घडलंय. थकबाकीदारांची स्मार्ट मीटरं दुरून प्रीपेडवर टाकली गेली, कुठे घरात घुसून प्रीपेड मीटर बसवले गेले, आजारी माणसांच्या घरीसुद्धा. बोभाटा झाल्यावर फेब्रुवारी 2023मध्ये तिथल्या नियामकाला हे सक्तीचं काम थांबवायला लावावं लागलं. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोच्या काळ्या वस्त्यांनी प्रीपेड मीटरविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या लोकांना स्वातंत्र्यानंतर आपल्याच सरकारच्या मीटरशी भांडावं लागलं, हे आपण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आमच्या वस्त्यांचा आणखी एक अनुभव आहे, तो आकड्याचा. गावात कोणी काहीही करो, वीजचोरी म्हटलं की बोट आमच्याकडे. महावितरण कैक वर्षं फीडरची गटवारी करत आलं आहे, वितरणातली हानी आणि वसुली पाहून ए, बी, सी पासून थेट जी-3 पर्यंत. टंचाई आली की खालच्या गटांत भारनियमन. म्हणजे एखादी बाई दर महिन्याला पोटाला चिमटा काढून बिल भरत असली तरी तिचा फीडर बदनाम असेल तर अंधारात तीही. सगळ्या वस्तीला एकाच मापानं मोजायची ही रीत आपल्याला नवी नाही, जन्मावरून माणूस मोजणारा समाज आपण भोगलाय. नवं मीटर हा डाग पुसू शकतं. कोण भरतो, कोण भरत नाही, कोण चोरी करतो, हे एकेका घराचं वेगळं कळेल आणि शिक्षा सगळ्यांना होणार नाही. मला या यंत्राबद्दल आशा वाटते ती इथे. पण ते आकडे उघड केले तरच. कंपनीच्या संगणकात बंद राहिले तर उद्याही तोच फीडर, तोच गट, आणि वर यंत्राचा शिक्का.

योजना कागदावर आपल्या नावानं असतात. 14 एप्रिल 2021ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना सुरू झाली, अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना 500 रुपये अनामतीत, तीही पाच हप्त्यांत, जोडणी. चांगली योजना. अट मात्र अशी की त्या जागी आधीची थकबाकी नको. आता ज्या घरात आजोबाची थकबाकी पडून आहे त्या घरातल्या नातीनं काय करावं? 2025मध्ये राज्यानं छोट्या ग्राहकांसाठी छतावरच्या सौर पॅनलची योजना आणली. एक किलोवॅटचा खर्च सुमारे 50 हजार, त्यात दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबानं 2,500 आणि अनुसूचित जाती-जमातीच्या छोट्या ग्राहकानं 5,000 भरायचे. हीही चांगली. पण पॅनलला पक्कं छत हवं. कवेलू आणि टिनाच्या घरांनी, भाड्याच्या खोलीतल्या माणसांनी काय करावं? मग मीच वस्तीत सुचवलं की पॅनल विहाराच्या स्लॅबवर बसवू आणि वीज वाटून घेऊ. कागदपत्रांत ते कसं बसवायचं यावर अजून डोकं चालवतोय. तोवर ड्राय पोर्टच्या बातम्यांत आमच्या सिंदीचं नाव झळकत राहील.

आता आम्ही काय केलं ते सांगते, कारण नुसती टीका करून मी एकदा तोंडघशी पडले आहे.

रविवारी वंदना झाल्यावर त्या वायरमन पोरानं विहारासमोर मीटर वाचायचं शिकवलं. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. शेजारी एक आकडा छापलेला असतो, आमच्याकडे 3200 आहे. याचा अर्थ दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करायचं, फ्रिजचा प्लगसुद्धा काढायचा. दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबला नाही तर कुठेतरी गळती आहे किंवा न्यूट्रल मिसळलाय. मग 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब एकटा लावायचा आणि घड्याळात सहा मिनिटं मोजायची. हिशोबानं 32 वेळा लुकलुकायला हवं. व्होल्टेज कमी असेल तर एक-दोन कमी. पन्नास झालं तर तक्रार करा, तीस-बत्तीस झालं तर मीटर ठीक आहे.

काकूंच्या मीटरसमोर आम्ही वीसेक जण उभे होतो. आधी वायर वेगळी करून घेतली होती. वायरीचे पैसे दोन्ही घरांनी निम्मे-निम्मे दिले, आणि त्या निमित्तानं दिराशी वर्षभराचा अबोला सुटला, हे वेगळंच. काकूंनी स्वतः मोजलं, मोठ्यानं, बोटांवर. एकतीसवर सहा मिनिटं संपली. काकू म्हणाल्या, "एक कमी आला, म्हणजे खोटं नाही बोलत." मग हळूच म्हणाल्या, "पन मले पह्यले सांगतलं असतं तं मी काऊन बोंबलली असती?"

गेले कित्येक महिने मी वाचलेल्या कुठल्याही अहवालापेक्षा त्या सहा मिनिटांनी वस्तीत जास्त विश्वास आणला. मीटर तेच होतं, फक्त ते वाचणारा डोळा वस्तीचा होता. त्यानंतर आणखी काही घरांत न्यूट्रलची भानगड सापडली. एका घरात मीटरबद्दल शंका राहिली, तिथे लेखी तक्रार केली. फेब्रुवारी 2024च्या ग्राहक हक्क नियमांतल्या दुरुस्तीप्रमाणे तक्रारीनंतर पाच दिवसांत जोडीला दुसरं मीटर लावून किमान तीन महिने दोन्हींचा वापर ताडून पाहावा लागतो. हा नियम छापून विहाराच्या फलकावर लावलाय. तुमच्याही लावा.

मला वाटतं, मागणी याच दिशेनं करायला हवी. प्रत्येक वस्तीत आपल्यातली एक पोरगी आणि एक पोरगा, मीटर वाचायला, वायर तपासायला, बिल समजावायला शिकवलेले आणि त्याचा मोबदला मिळणारे. मीटर रीडिंग घेणाऱ्या किती पोरांचं काम या यंत्रानं जाणार आहे, त्यांनाच हे काम द्या. मीटर बदलण्याआधी घराची वायर तपासा, बदलताना घरातल्या बाईसमोर जुना आणि नवा आकडा लिहून तिची सही घ्या. प्रीपेड कोणी स्वतः मागितलं तरच. आणि वीज तोडायचं बटन दाबण्याआधी एका जिवंत माणसानं त्या दारात येऊन उभं राहावं. वीज नियामक आयोगाच्या दरसुनावण्यांत सामान्य माणसाला हरकती नोंदवता येतात. तिथे आपले किती जण जातात? मोर्चाला हजार जण जमतात, सुनावणीला सात. पुढच्या वेळी मी दिवसा राबणाऱ्या घरांसाठी संध्याकाळच्या दोन तासांची सूट मागणार आहे, हिशोबासकट. सोबत यायचं असेल त्यांनी यावं.

सध्या आम्ही काकूंच्या नावावर मीटर करायच्या मागे आहोत. यजमानांचा मृत्यू दाखला सापडला, घरपट्टीची पावती सापडली, वारसांचं संमतीपत्र दिरानंच पुढे होऊन आणलं. ऑनलाईन अर्ज भरायला बसलो तर त्यात मोबाईल नंबरचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. काकू म्हणाल्या, "तुह्या टाक ना वं." मी नाही म्हटलं, माझा नंबर टाकला तर पुतण्याच्या जागी मी आले एवढंच. मुलगा म्हणतो त्याचा टाका. काकूंना तेही नको. कापसाचे पैसे आले की त्या स्वतःचा साधा फोन घेणार आहेत. तोपर्यंत अर्ज तसाच, त्या एका रकान्यापाशी थांबलेला आहे.